धान बुटकं राहिलं ते वर्ष

आमच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेकडे एक लहान खोली आहे आणि तिच्या खिडकीच्या काचांना मी काळा कागद चिकटवला आहे. नवा माणूस आला की त्याला वाटतं, आत काहीतरी भानगड आहे. आत वांग्याची, मिरचीची, टोमॅटोची रोपं आहेत, दिव्याखाली वाढणारी. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे ते पुढचं काही विचारत नाहीत. गॅलरीतलं रोप दुपारी दोनपर्यंत उकडलेल्या पालकासारखं होतं. तेव्हा मी ठरवलं, सूर्याशी भांडण नको, आपला उजेड आपण करावा.

मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतो. वीस वर्षं शिकवून स्वभावच शिकवण्याचा झाला आहे. समोरच्याला ऐकायचं असो वा नसो, मी समजावून सांगतो, आणि त्याला पटलं की मला जेवल्याइतकं समाधान होतं. बायको म्हणते, तुम्हाला माणूस नको, फळा हवा. ती चेष्टेनं म्हणते. पण त्या वर्षीचं आठवलं की मला ती चेष्टा वाटत नाही.

दिव्यांच्या बाबतीत मीही आधी ठेच खाल्ली. सगळे आणतात तसा पहिल्यांदा जांभळा दिवा आणला. खोली दवाखान्यातल्या कुठल्यातरी बंद दालनासारखी दिसायला लागली, डोकं दुखायचं, आणि त्या उजेडात पानं काळी दिसत असल्यामुळे पांढरी माशी बसलेली मला आठवडाभर कळली नाही. मिरचीची सगळी रोपं गेली. तेव्हापासून पांढरे दिवे. आणि वॅट बघून दिवा घ्यायचा नाही, रोपाचं वय बघून घ्यायचा. बी मातीत असतं तोवर त्याला उजेड नको, ऊब पुरते. मात्र कोंब मातीबाहेर आला की त्याच दिवशी वर दिवा हवा, थंड पांढरा, किंचित निळसर झाक असलेला, जेमतेम वीतभर उंचीवर आणि दिवसाचे चौदा ते सोळा तास. इथे हयगय केली तर रोप उजेड शोधत वर पळतं. लांबलचक, फिकट, दोऱ्यासारख्या देठाचं होतं आणि एक दिवस आडवं पडतं. पुढे पानं भरली की दिवा वर सरकवायचा, कळी धरायच्या सुमाराला पिवळसर तांबूस दिवा जोडीला द्यायचा. रात्री मात्र अंधार पाहिजेच, झाडालाही.

थोडक्यात, बुटकं, जाड देठाचं, गर्द हिरवं रोप म्हणजे तब्येतीचं रोप. उंच, पिवळं रोप म्हणजे आजारी. हे मला इतकं पाठ झालं होतं की जगात याच्या उलट बघणारी माणसं आहेत, आणि त्यांतलं एक माझ्याच घरातलं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

माझी आई नरडाण्याजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या भाद्रपदात तिला दम लागायला लागला. आधी वावरातून येताना, मग विहिरीवरून, मग नुसतं उठून उभं राहताना. धुळ्याला दाखवलं. हृदयाची झडप आकसली होती, ऑपरेशन करावं लागणार होतं. तिला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, दिवाळीच्या आत करा, यापुढे कुठलाही दिवस वाईट ठरू शकतो. त्यांनी दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली तारीख दिली आणि मी आईला जळगावला घेऊन आलो.

आई हो म्हणेना, नाहीही म्हणेना. मी रोज विचारायचो. शेवटी ती म्हणाली, “घट उठू दे, भाऊ. धान देखसू, मंग सांगसू.”

आमच्याकडे नवरात्रात घटाखाली जे गहू पेरतात, त्याला धान म्हणतात. नवव्या दिवशी ते किती उंच आलं यावरून आई घराचं वर्ष कसं जाणार ते ठरवते. तिची सासू ठरवायची, आता ती ठरवते. लांब आलं तर घर सुखात. लहानपणापासून मी हे बघत आलो आणि हसत आलो. पण त्या दिवशी हसू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं शिकलेला डॉक्टर एक सांगतो आणि त्याच्यावर निकाल गव्हानं द्यायचा? मी बोलायचं ते सगळं बोललो. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून गावाहून आणलेली वावराची माती काढून उन्हात पसरली.

आमचा देव्हारा भिंतीवर टांगलेला आहे, घट तर जमिनीवर बसतो. हॉलमध्ये येणंजाणं, स्वयंपाकघरात जागा नाही. उरली माझी काळ्या काचांची खोली. आईनं दारातून आत डोकावलं आणि तिला ती पसंत पडली. “आठे कोनी येवाव नही, चांगलं शे,” म्हणाली. मी मांडणीचा खालचा कप्पा रिकामा केला. तिनं पत्रावळीवर माती पसरली, गहू पेरले, मधोमध घट ठेवला आणि बाजूला समई लावली.

आता जे सांगतो त्यात माझी काही लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, हिला धानाची साक्ष हवी आहे ना, मग आपण धान असं काढू की बघत राहावं. चौथ्या दिवशी सकाळी कोंबांची टोकं मातीबाहेर दिसली. मी आयटीआयमधून येताना दिव्यांची नवी पट्टी घेऊन आलो, थंड पांढरी, आणि कप्प्याच्या वरच्या फळीला बरोबर वीतभर उंचीवर लावली. टायमर सोळा तासांचा. माझ्या वांग्यांसाठीही मी इतकी काळजी घेतली नव्हती. आईनं वर बघितलं. उजेड पडला, देवीला उजेड, त्यात वाईट काय. असंच तिला वाटलं असावं.

सहाव्या दिवशी बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, “अहो, धान वर येत नाहीये.”

“वर येऊ नये म्हणूनच तर दिवा आहे,” मी म्हणालो. आणि देठ जाड होण्याचं सगळं शास्त्र तिला पोळ्या लाटता लाटता ऐकवलं. तिनं ऐकलं, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. ती जामनेरची. तिच्या माहेरी घट बसतात. तिला माझ्याआधी कळलं असावं, पण मी बोलायला जागाच ठेवत नाही.

आई सकाळ-संध्याकाळ माळ चढवायला आत जायची. आधी पाच मिनिटांत बाहेर यायची. सातव्या दिवसापासून अर्धा अर्धा तास आत बसायला लागली. एकदा मी दार ढकललं तर ती मातीपाशी हात टेकून बसली होती आणि कोंबांशेजारी बोटं आडवी धरून मोजत होती. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला. त्या दिवशी तिनं उपासाचा फराळही केला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाली, भूक नही. तिचा श्वास मला हॉलमध्ये ऐकू येत होता, कुकर उतरवल्यावर त्यातून येतो तसा बारीक, लांब. आठव्या दिवशी तिनं मातीला तीनदा पाणी घातलं. मला तेव्हाही काही कळलं नाही. मी मनात म्हणत होतो, उद्या बघ कशी खूश होते.

नवव्या दिवशी आम्ही तिघं त्या खोलीत होतो. आईनं घट बाजूला केला. धान चार बोटं उंच होतं. पात रुंद, रंग असा गर्द की जवळजवळ काळपट, एकही काडी वाकलेली नाही. मी आनंदानं म्हणालो, “बघ आई, असं धान आपल्या अख्ख्या गावात कोणाकडे नसेल.”

“नही,” आई म्हणाली. “आसं धान कोनाकडेच नही.”

मग ती भिंतीला धरून उठली, पलंगावर जाऊन बसली आणि म्हणाली, “माले आपरेशन करनं नही. माले घर पोचाडी दे.”

मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “तुनी आजी गयी, त्या सालले आसंच व्हतं. चार बोटं.” एवढंच. रडली नाही, घाबरलेलीही दिसली नाही. निकाल लागलेल्या माणसासारखी ती मोकळी दिसत होती आणि त्याचीच मला भीती वाटली.

दर दसऱ्याला आई धानाचा तुरा माझ्या कानावर खोवते. मी पन्नाशीला आलो तरी मान खाली घालून तिच्यापुढे उभा राहतो. त्या दसऱ्याला मी तसाच उभा राहिलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण तुरा दिला नाही. सगळं धान मातीसकट एका बादलीत घातलं आणि बायकोला म्हणाली, नदीत सोडायला सांग. दुपारी तिनं गळ्यातली सोन्याची पोत काढून बायकोच्या हातात दिली. बायको नको नको म्हणत राहिली. मग आईनं तिला सांगितलं की गावच्या पेटीत वरून तिसरं लुगडं आहे, ते आपल्या अंगावर घालायचं. कधी घालायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि बायकोनंही विचारलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.  मी हातानं दिवा लावून माझ्या आईला सांगितलं होतं की तू मरणार.

मी तिला समजवायला बसलो. तिच्याशी मी निम्मं अहिराणी, निम्मं पुस्तकी बोलतो. म्हणालो, हे दिव्यामुळे झालं. ती म्हणाली, “दिवा तू लावा, पन लावानी बुद्धी तुले कोनी दिधी? बठ्ठं देवीनाच हातमा शे.” सगळं देवीच्या हातात. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ही तारीख गेली तर पुढची पंधरा दिवसांनी, पण मला उशीर नको आहे. मी पुढची तारीख घेतली. गावी नेऊन सोडायला मात्र मी तयार झालो नाही. वर्गातल्या हट्टी पोरासमोर करतो तेच करायचं ठरवलं. प्रयोग.

स्टीलच्या दोन वाट्या घेतल्या. आईच्या पिशवीत उरलेली तीच माती, डब्यातला तोच गहू. एक वाटी पांढऱ्या दिव्याखाली ठेवली, दुसरी बायकोच्या साड्यांच्या लोखंडी कपाटात, आणि कपाट बंद केलं. दोन्हींना सारखं पाणी. आईला सांगितलं, नऊ दिवस थांब, मग कुठे म्हणशील तिथे नेतो. ती थांबली. तिला घाई नव्हती.

ते नऊ दिवस मला आठवायलाही नको वाटतात. आईला आडवं झोपता येईना. तिला लोड लावून बसतं ठेवावं लागे. आयटीआयमध्ये शिकवताना माझा फोन खिशात थरथरला की मी खडू ठेवून बाहेर पळायचो. घरी आलो की आधी दारातून तिची छाती हलते का बघायचो आणि मग कपाटाकडे जायचो. कपाट उघडून त्या वाटीकडे बघताना मला त्या गव्हाचा राग यायचा. लवकर ये ना, मी मनात म्हणायचो. आणि तो येत होता. पाचव्या दिवशी बोटभर, सातव्या दिवशी करंगळीच्या टोकापासून मनगटापर्यंत. असा पिवळाजर्द, लुसलुशीत, की बघणाऱ्याला खरंच शुभ वाटावा.

नवव्या सकाळी मी दोन्ही वाट्या आईसमोर ठेवल्या. दिव्याखालची चार बोटं, हिरवीगार. कपाटातली वीतभरापेक्षा जास्त, माना झुकलेल्या. आईनं कपाटातल्या धानाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं.

मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा सुरू झालो. दाण्यात थोडा शिधा असतो, तेवढ्यावर कोंब निघतो. अंधारात असला तर त्याला वाटतं आपण अजून मातीतच आहोत. मग तो असेल नसेल तेवढा शिधा उंच होण्यात संपवतो आणि उजेड भेटला नाही तर तसाच मरतो. उजेडातला कोंब थांबतो, जाड होतो, पान हिरवं करतो, स्वतःचं स्वतः खायला लागतो. म्हणजे तू ज्याला चांगलं धान म्हणतेस ते उपाशी धान आहे आई. बुटकं होतं ते जगणारं होतं.

ती ऐकत होती. मी विचारलं, आपल्या घरात घट कुठे बसतो? “मझारला घरमा,” ती म्हणाली. आमच्या मधल्या खोलीला खिडकी नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो. आणि आजी गेली त्या वर्षी कुठे बसवला होता? तिनं बराच वेळ आठवलं.

“ओटावर,” ती म्हणाली. “मझारला घरनी भीत पाडेल व्हती. नवी बांधी राहिंतात.”

मी मांडीवर थाप मारली. “बघ! ओट्यावर दिवसभर ऊन. म्हणून बुटकं. आजी गेली ती म्हातारपणानं. धानाचा काही संबंध नाही.” माझ्या पोरांना सर्किट बरोबर जोडता आलं की होतो तसा मला आनंद झाला. बायको दारात उभी होती. तिच्याकडे मी असं बघितलं की बघ, जमलं.

आई वाटीकडेच बघत होती. म्हणाली, “म्हंजे आंधारमा ठेवं, ते लांबच येस.”

“हो.”

“दर साल.”

“दर साल. काहीही झालं तरी.”

  मग तिनं जे सांगितलं ते सहा वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं.

“तुना बापना सालले वीतभर व्हतं,” ती म्हणाली. “दसराना दिवस त्या म्हनेत, छातीमा जळजळ व्हस, धुळे जाई येस. मी सांगं, कसाले? धान देखा, वीतभर शे. काय होनार शे तुम्हले? मीच त्यास्ना टोपीमा तुरा खोसा. त्या हासनात, नि वावरमा चालना गयात.”

वडील दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी कपाशीच्या वावरातच वारले होते. आम्हाला सगळ्यांना एवढंच माहीत होतं की त्यांनी कधी काही तक्रार केली नाही, अचानक झालं. मी स्वतः तेच लोकांना सांगत आलो होतो. आई सुतकाच्या त्या दहा दिवसांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, की धान तर चांगलं होतं. आम्ही समजायचो, दुःखात माणूस काहीही बोलतं. तिला तेवढाच आधार होता. देवीनं हो म्हटलं होतं, मग पुढचं देवीनं बघायचं होतं. मी तिला नऊ दिवस लावून, दोन वाट्या समोर ठेवून दाखवलं की देवी काही म्हणालीच नव्हती. अंधारी खोली होती, बस. त्या दसऱ्याला वडिलांना धुळ्याला जायला नको म्हटलं होतं ते फक्त तिनं.

“तसं नसतं आई,” मी म्हणालो. पण तसं असतं हे मीच आत्ता सिद्ध केलं होतं.  बायको पुढे आली आणि तिच्याशेजारी बसली. आईनं वाटी हळूच बाजूला सरकवली, त्यातलं एखादं पात मोडेल अशा काळजीनं.

मग म्हणाली, “कव्हय जानं शे दवाखानामा?”

मी तारीख सांगितली. तिनं मान हलवली. यानंतर तिनं एकदाही नाही म्हटलं नाही. नातेवाईकांचे फोन आले. सगळे म्हणाले, वा, तूच समजावू शकलास, शिकलेला मुलगा असावा तर असा. मी हो हो म्हणत राहिलो. आईनं पोत परत मागितली नाही. दवाखान्यात कागद पुढे आला तेव्हा तिनं त्यावर काय लिहिलंय ते विचारलं नाही, डॉक्टरांना दुखेल का तेही विचारलं नाही. सांगतील तसं करत गेली. नर्स मला म्हणाल्या, किती शहाण्या आहेत तुमच्या आई, असा पेशंट आम्हाला मिळत नाही. मी तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होतो. जगायला निघालेलं माणूस मी पाहिलेलं आहे. ती तशी निघालेली नव्हती. तिला विरोध करण्याचं कारण उरलं नव्हतं, म्हणून ती निघाली होती.

ऑपरेशन चार तास चाललं. डॉक्टर बाहेर आले ते हसतच आले. म्हणाले, झडप उत्तम बसली, आता चांगली बरीच वर्षं मिळतील त्यांना. माझ्याशेजारी बायकोचा जीव भांड्यात पडला, तिनं हात जोडले. मीही जोडले. पण त्यांनी दिलेल्या त्या बऱ्याच वर्षांचीच मला तेव्हा भीती वाटली. ती सगळी वर्षं माझ्या आईला काय घेऊन काढायची आहेत, ते तिच्या हातात मीच दिलं होतं.